कौलावरची अंडी

"खावचे नाय, तर पाळतंस कित्याक?"

२०१८ च्या दिवाळीत मी चार फुटी काचेची टाकी घरी आणली तेव्हाचा आईचा हा प्रश्न. तिच्या मते त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. तिचा बापूस कोळंबच्या खाडीत पाग टाकायचा. तिच्या लेखी मासा असतो टोपलीत, नाहीतर तव्यावर. तो पैसे देऊन विकत आणायचा आणि वर त्यालाच रोज खायला घालायचं, हे तिला कसं पटावं?

मी वीज खात्यात वायरमन. घर मालवण–कट्टा रस्त्याला, सड्याच्या उतारावर, जांभ्याचं. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. उंची मुद्दाम घेतली, कारण डोक्यात पहिल्यापासून एंजल होते आणि हा मासा आडव्यापेक्षा उभा जास्त वाढतो. गणिताने ३४० लिटर होतात. वाळू घालून, वरची चार बोटं मोकळी सोडून पाणी तीनशेच्या आसपास राहतं. काच, वाळू आणि पाणी मिळून जवळजवळ चार क्विंटल वजन. लोखंडी स्टँडचा भाव ऐकला आणि कुंपणाचे उरलेले चिरे रचून ओटाच बांधून घेतला. त्यावर पाऊण इंची प्लाय आणि त्यावर थर्माकोल. थर्माकोल विसरू नये. काचेखाली मुगाएवढा खडा राहिला तरी भरलेल्या टाकीला तडा जातो, आणि तो रात्री दोन वाजताच जातो.

पहिली चूक वाळूची. एवढा समुद्रकिनारा फुकट पडलेला असताना वाळू विकत कोण आणणार? दोन गोणी आणल्या, सात पाण्यांनी धुतल्या, वर शोभेला शंख-शिंपल्या मांडल्या. दिसायला झकास. महिन्याने पीएच मोजला (सातच्या खाली पाणी आंबट, वर गेलं की उलट) तर सव्वाआठ. आपल्या किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुनाच. वाटीत चिमूटभर वाळू घेऊन लिंबू पिळा, फसफस ऐकू येते. आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यांचे मासे असते तर त्यांना हे पाणी मानवलं असतं. एंजल ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आंबट पाण्यातला. सगळी वाळू उपसली आणि बांधकामाची नदीची वाळू चाळून घातली.

त्यानंतर कळलं की आपल्या परसात काय आहे. जांभ्यातून झिरपून विहिरीत येणाऱ्या पाण्यात चुना जवळजवळ नसतो. माझ्या विहिरीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, साठच्या आसपास, पीएच साडेसहाच्या मागेपुढे. मुंबईतले हौशी लोक असं पाणी मिळावं म्हणून आरओचं मशीन बसवतात आणि निम्म्याहून जास्त पाणी गटारात सोडतात. मी कळशी सोडतो आणि ओढतो. पण "कोकणातलं पाणी मऊ" असं सरसकट धरून चालू नका. वायरीला किनाऱ्यालगत माझा मित्र राहतो, त्याची विहीर मे महिन्यात मचूळ होते. आमच्यात अंतर फार तर पाच-सहा किलोमीटर, पण त्याच्याकडे एंजलने कधी अंडी फळवली नाहीत.

दुसरी देणगी बंगाली बदामाची. दक्षिण अमेरिकेतल्या काळ्या पाण्याच्या नद्या चहासारख्या दिसतात, कारण जंगलाचा पाचोळा त्यांत कुजत असतो. तो रंग आणि तो तुरटपणा टाकीत आणायला जगभर लोक बदामाची वाळलेली पानं वापरतात. ऑनलाइन ती मोजून, पाकिटात घालून विकतात. आमच्या अंगणात जानेवारी-फेब्रुवारीत झाड लाल होतं आणि बायको रोज टोपलीभर पानं झाडून जाळते. मी त्यातली चांगली, कीड नसलेली वीस-पंचवीस बाजूला काढतो, धुतो आणि तीन-चार टाकीत सोडतो. दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. पाहुणे विचारतात, पाणी कधी बदललं नाय काय?

मऊ पाण्याचा एक तोटा मात्र मला कुणी सांगितला नव्हता. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजात वस्ती करून असलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांची वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात, तेवढी कळ काढावी. मी काढली होती. पण हे काम चालू असताना पाण्यात आम्ल तयार होत राहतं. पाण्यात चुना असेल तर तो ते पचवतो. माझ्या पाण्यात पचवायला काहीच नव्हतं. २०१९ च्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, म्हणून तीन आठवडे पाणी बदललं नाही, आणि पीएच साडेपाचाच्या खाली उतरला. एवढ्या आंबट पाण्यात ते जिवाणूही ढेपाळतात. मासे सुस्त झाले.

मी घाबरून चमचाभर खाण्याचा सोडा टाकला. टाकीत तेव्हा निऑन आणि रॅम हे छोटे मासे होते. सकाळी अकरा निऑन आणि रॅमची जोडी पाण्यावर. कारण नंतर वाचलं. पाणी आंबट असताना साठलेला अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात असतो, आणि पीएच झटक्यात वर नेला की त्याचंच विष होतं. म्हणजे आजार साधा होता, मारलं माझ्या औषधाने. आता फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर तिसऱ्यांच्या शिंपल्या असतात, खाऊन झालेल्या, उकळून घेतलेल्या. त्या हळूहळू विरघळतात आणि पीएच साडेसहाला टेकून राहतो. ज्या शिंपल्या मी पाट्या भरून बाहेर फेकल्या होत्या त्याच मुठीने परत आल्या. रॅमची जोडी नंतर अजून एकदा आणली, तीही महिनाभरात गेली. तो विषय मी सोडला.

एंजल आले २०१९ च्या नोव्हेंबरात, कुर्ल्याच्या बाजारातून. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, खोकं कोकणकन्येत माझ्या मांडीवर, सकाळी कुडाळला उतरून रिक्षा. सहा पिल्लं घेतली, रुपयाच्या नाण्याएवढी. सहा यासाठी की एंजलमध्ये नर-मादी बाहेरून ओळखता येत नाही आणि दुकानदाराने "जोडी आहे" म्हणून दिली तरी त्याला अर्थ नसतो. सहा-सात एकत्र वाढवायची आणि त्यांचं त्यांनाच जमवू द्यायचं. सोबतीला होते उरलेले निऑन, तळाशी फिरणारे पाच कॉरी आणि शेवाळ खरवडणारा एक काळा सकर. निऑन पुढे दर महिन्याला दोन-तीनने कमी होत गेले. मला वाटायचं आजार असेल. एके रात्री उठून टॉर्च मारली तर सगळ्यात मोठ्या एंजलच्या तोंडातून निळी-लाल शेपटी लोंबत होती. बरोबरच आहे, असले चिमुकले मासे हे त्याचं तिकडचं खाणंच. सगळ्या जातींची टाकी म्हणजे गुण्यागोविंदाने नांदणारी वाडी, असं चित्र दुकानात रंगवतात. कुणाचं तोंड केवढं आणि कोण कुणाच्या तोंडात मावतो, हे आधी बघावं.

२०२० च्या पावसाळ्याअखेर दोन एंजल डाव्या कोपऱ्यात राहायला लागले आणि बाकीच्या चौघांना हाकलू लागले. ऑक्टोबरात फिल्टरच्या पाइपवर अंडी. मी ड्युटीवर असताना मुलीचा फोन आला. घरी येईपर्यंत काय गाडी मारली ती माझी मला माहीत. दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी. बारा दिवसांनी परत घातली, परत पांढरी. तिसऱ्या वेळी मी खुर्ची टाकून बसलो आणि नीट बघितलं. अंडी घालायच्या वेळी एंजलच्या पोटाखाली एक छोटी नळी बाहेर येते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक, टोकदार. इथे दोघांच्याही बोथट. आळीपाळीने दोघी अंडी घालत होत्या.

आईला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे दोनय बायलो? तरीच भांडाण नाय."

खरी जोडी जमली जानेवारीत. काळ्या पट्ट्यांचा नर आणि त्याच दोघींतली एक. दुसरीचा कल्ल्याजवळचा पंख फाटला आणि ती फिल्टरच्या मागे जाऊन उभी राहिली. तेव्हा मी मंगलोरी कौलाचा एक सपाट तुकडा कोपऱ्यात काचेला टेकवून ठेवला. पुस्तकात स्लेट किंवा प्लास्टिकचा पाइप लिहिलेला असतो. एंजलला हवा असतो उभा, स्वच्छ पृष्ठभाग, रानात तो पानावर किंवा बुंध्यावर घालतो. भाजलेल्या मातीचं कौल त्याला लगेच आवडलं.

ही गोष्ट एकदा तरी डोळ्यांनी बघावी. आधी दोन दिवस दोघं मिळून कौल चोखून साफ करतात. शेवाळाचा ठिपका दिसला की टोच मारायची, मागे सरायचं, परत टोच. मग दुपारी तीन-चारच्या सुमारास मादी पोट कौलाला घासत खालून वर जाते आणि मागे अंड्यांची एक ओळ उमटते. मधासारखा रंग, आकार खसखशीपेक्षा जरा मोठा. ती वळून बाजूला होते, नर त्याच ओळीवरून तसाच वर जातो. परत ती. दीड तास हे चालतं, तीनेकशे अंडी होतात, आणि एकही ओळ दुसरीवर चढत नाही. त्यानंतर दोघं पाळीपाळीने तोंडाजवळच्या पंखांनी अंड्यांना वारा घालत उभी. जे अंडं पांढरं पडेल ते लगेच वेचून खायचं, नाहीतर त्याची बुरशी शेजाऱ्याला लागते.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिन्ही वेळा अंडी सकाळी गायब. नवी जोडी पहिल्या दोन-चार वेळा स्वतःच खाते असं ऐकलं होतं. एकदा सकरचं काम असावं, कारण तो रात्री फिरतो आणि त्याचं तोंड म्हणजे खरवडणीच. पण माझा संशय आमच्यावरच होता. टाकी माजघरात. रात्री दहाला टीव्ही बंद, दिवे बंद, एकदम काळोख. अंधारात आई-बापाला अंडी दिसत नाहीत, कोण जवळ येतंय ते दिसत नाही. ती घाबरतात, आणि घाबरलेला एंजल अंडी खाऊन मोकळा होतो. म्हणून मी समोरच्या भिंतीवर झिरोचा बल्ब रात्रभर चालू ठेवायचं ठरवलं, आणि जोडी सोडून बाकी सगळ्यांना पडवीतल्या निळ्या पिंपात हलवलं.

आईने या सगळ्यात एकच सूचना केली. "त्येंच्या फुड्यात सारख्या उभ्या रवा नको. काळुंदरा पण अशीच करतत. माणूस हलाक लागलो काय घाबरतत."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. काळुंदर आणि एंजल एकाच कुळातले. सिक्लिड हे कूळ मुख्यतः आफ्रिका आणि अमेरिकेतलं. भारतात त्याच्या मूळच्या जाती तीनच, त्यातली एक आपल्या खाडीतली काळुंदर. आईने लहानपणी बापाबरोबर खाडीच्या उथळ पाण्यात काळुंदरची जोडी घरट्यापाशी उभी असलेली बघितलेली. पिल्लांचा पुंजका आणि दोन्ही बाजूंना आई-बाप. मी टीडीएस मीटर घेऊन अडीच वर्षं जे शोधत होतो त्यातलं निम्मं तिला आधीच ठाऊक होतं, फक्त मी विचारलं नव्हतं.

१० मे २०२१, सोमवार. कौलावर अंडी. मंगळवारी सकाळी होती. बुधवारी अंड्यांत काळे ठिपके दिसले. गुरुवारी पहाटे अंड्यांच्या जागी वळवळ. याला अजून मासा म्हणायचं नाही. एक शेपटी, एक पिवळी पिशवी, आणि डोक्याला चिकट धागा, त्याने कौलाला चिकटून राहायचं. पिशवीतलं संपेपर्यंत चार-पाच दिवस ते तिथेच थरथरत राहतात. मी मनात हिशोब केला, सोमवारी-मंगळवारी पोहायला लागतील, तेव्हा त्यांचं पहिलं खाणं, आर्टेमिया, तयार हवा.

आणि हवामान खात्याचा इशारा आला. तौक्ते.

शनिवारी संध्याकाळी आम्हाला सगळ्यांना सब-स्टेशनला बोलावून घेतलं. निघताना मी जुन्या लाइट बिलाच्या पाठीवर मुलीसाठी लिहून ठेवलं. लाइट गेली की फिल्टरमधला स्पंज काढून टाकीत सोडायचा, डब्यात बंद राहिला तर त्यातले जिवाणू गुदमरतील आणि लाइट आल्यावर सगळी घाण पाण्यात येईल. दर दोन तासांनी तांब्याने पाणी उचलून वरून ओतायचं. मोठ्यांना खाणं बंद. सेलवरचा हवेचा पंप आहे तो फक्त रात्री लावायचा. मुलगी तेव्हा बारा वर्षांची.

रविवारी, १६ तारखेला, वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पोल काडेपेट्यांतल्या काड्यांसारखे आडवे, तारांवर माड, रस्त्यावर आंबे-फणस. मोबाइलला रेंज नाही. आम्ही पहिले तीन दिवस झाडं कापत होतो आणि तारा गोळा करत होतो, झोप सब-स्टेशनच्या ओट्यावर. घरी सगळे ठीक आहेत एवढा निरोप कुणाकडून तरी मिळाला. मासे कसे आहेत हे त्या दिवसांत कुणाला विचारणार?

पुढचं मला मुलीने सांगितलं.

रविवारी संध्याकाळी पडवीची कौलं उडाली, पाऊस आत आला. आजी टाकीसमोर चिमणी घेऊन बसली होती. नराने कौलावरची चार-पाच पिल्लं तोंडात घेतली. आजी ओरडली, "खाल्ल्यान! मेल्या बापाशीन पोरां खाल्ल्यान!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली. नर टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि रुंद पानाच्या मागच्या बाजूला ती पिल्लं फुंकून चिकटवली. परत आला. परत पाच. बाहेर वाडी उडून जातेय आणि हा बिऱ्हाड हलवतोय. कोपऱ्यातल्या कौलावर झडपेतून वारा यायचा, पाणी हलायचं, ते त्याला नको असावं. सगळी पिल्लं हलवायला त्याला आणि मादीला तासभर लागला. तेवढा वेळ आजीने चिमणी एका जागी धरून ठेवली होती.

तांब्याचं काम आजीने आपणहून घेतलं. दोन तासांनी वगैरे नाही, आठवण होईल तेव्हा. ओतताना वरून धबधबा न करता ती हात काचेला लावून पाणी सोडायची, "पोरां उडतली" म्हणून. मी लिहिलं होतं त्यापेक्षा हे बरंच शहाणपणाचं होतं.

मंगळवारी पिल्लं पानावरून सुटली आणि पोहायला लागली. आता चोवीस तासांत खाणं हवं. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातले, कोलंबीच्या लांबच्या नात्यातले चिमुकले जीव. त्यांची सुकी अंडी तपकिरी पुडीसारखी मिळतात, खारट पाण्यात टाकली की दिवसभरात फुटतात. शहरात मीठ मोजून घालतात, मी बंदरावरून दोन बाटल्या समुद्राचं पाणी आणून ठेवलं होतं. पण नेहमी ते बाटलीत घालून खालून हवा सोडावी लागते, आणि हवा सोडायला वीज कुठे? पंपाचे सेल दोन रात्रींत संपले होते. मुलीने डोशाच्या पिठाच्या डब्याचं रुंद झाकण घेतलं, त्यात अर्धा बोट खारं पाणी, वर चिमूटभर पूड. पाणी उथळ असलं की वरची हवा खालपर्यंत पोचते, फुगे लागत नाहीत. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "बाटली खोल म्हणून हवा लागते ना बाबा, मग खोल नको," एवढाच तिचा तर्क.

दुसऱ्या दिवशी झाकणात नारिंगी धूळ हलत होती. एका कडेला टॉर्च धरली की ती उजेडाकडे गोळा होते. औषधाच्या ड्रॉपरने ओढून, आजोबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून, विहिरीच्या पाण्याने धुऊन टाकीत. मी बुधवारी रात्री दोन तासांसाठी घरी आलो, तेव्हा मुलीने मला आंघोळही करू न देता टाकीसमोर उभं केलं. टॉर्चच्या उजेडात साठ-सत्तर काचेच्या टाचण्या पोहत होत्या, आणि प्रत्येकीच्या पोटात नारिंगी ठिपका. पोट भरलं की तो ठिपका आरपार दिसतो. दोन्ही बाजूंना आई-बाप, एकजण पुढे गेलेल्याला तोंडात घेऊन परत पुंजक्यात थुंकत होता. तीनशेतली साठ-सत्तर म्हणजे फार नाहीत. पण मागच्या वेळी शून्य होती.

आमच्या वाडीचं काम आलं आठव्या दिवशी, २४ तारखेला. वायरमनच्या घरची लाइट सगळ्यात शेवटी येते, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. नवे पोल उभे राहिले, तारा ओढल्या, वरची लाइन चालू झाली, आता फक्त आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबावरचे डीओ, म्हणजे फ्यूज, लांब दांडीने घालायचे. संध्याकाळचे साडेसात, काळोख पडत आलेला. दांडी हातात घेतली आणि आठवलं, टाकीच्या लाइटचं बटण चालूच असणार. आठ रात्री चिमणीच्या उजेडात काढलेल्या जोडीच्या डोक्यावर एकदम चाळीस वॉटचा उजेड पडला तर? माझी तीन वेळची अंडी कशाने गेली ते मी विसरलो नव्हतो.

फोनला रेंज नाही. मी शेजारच्या पोराला मोटारसायकलवरून पिटाळलं, घरी सांग, टाकीची पिन काढा. खाली पंचवीस-तीस माणसं जमलेली. आठ दिवस पंप नाही, मिक्सर नाही, फ्रीजमधले मासे कुजले. आणि मी दांडी हातात घेऊन नुसता उभा.

"काय रे, लाइट घालूक मुहूर्त बघतंस?" तात्या ओरडले.

"दोन मिनटां थांबा. चेकिंग चालू हा."

माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत मी लोकांना एवढं उघड खोटं कधी बोललो नव्हतो. पोरगं परत येताना हेडलाइटची उघडझाप करत आलं, मी डीओ घातले, वाडीभर "आली रे" झालं. घरी गेलो तर टाकीवर आईची चादर, आत सगळं शांत.

पुढचं काम कष्टाचं, पण सांगण्यासारखं थोडं. तीन आठवड्यांनी पिल्लं वेगळ्या टाकीत काढली, रोज थोडं पाणी बदललं. महिनाभर ती एंजलसारखी दिसतच नाहीत, कुठल्याही ओढ्यातल्या माशाची वाटतात, आणि मग एका आठवड्यात पाठीवर आणि पोटाखाली पंख फुटतात. आर्टेमियानंतर किसलेली सुंगटं, म्हणजे कोलंबी. जास्त घातली की रात्रीतून पाणी खराब, एकदा सात पिल्लं त्यातच गेली. गणपतीपर्यंत ४३ राहिली. पिंपातली मंडळीही वाचली होती, पिंपात पावसाचं पाणी आणि निम्मं बदामाचं झाड पडून. सकर तर वाढला होता.

कणकवलीच्या एका दुकानदाराने तीस पिल्लं पंचवीस रुपयांना एक अशी घेतली. सहा मुलीच्या शाळेला दिली. उरलेली मित्रांनी नेली, वायरीच्या त्या मित्रानेही, माझ्या विहिरीचं दोन कॅन पाणी घेऊन. साडेसातशे रुपये हातात आले. आजवरचा खर्च बायकोने विचारला नाही, मी सांगितला नाही.

जोडी त्यानंतर दर दोन आठवड्यांनी अंडी घालायला लागली. नवं, जरा थंड पाणी भरलं की हमखास. आणि खरी अडचण इथून पुढे होती. दर खेपेला शंभर पिल्लं निघाली तर ती द्यायची कुणाला? दुकानदाराने दुसऱ्या खेपेला पंधरा रुपये सांगितले, तिसऱ्या खेपेला फोन घेतला नाही. व्हाळात किंवा खाडीत सोडायचा प्रश्नच नाही. बाहेरचे मासे आपल्या पाण्यात सुटले की काय होतं ते तिलापियाने दाखवलंय.

म्हणून मी सकरला परत मोठ्या टाकीत आणलं. रात्री झिरोचा बल्ब बंद करतो. सकाळी कौल स्वच्छ असतं, आणि जोडी दोन दिवस रुसल्यासारखी कोपऱ्यात उभी राहते. आईला हे अजिबात मान्य नाही. ती संध्याकाळी खुर्ची टाकीसमोर ओढून बसते, मी घरात आलो की माझ्याकडे न बघता म्हणते, "त्या काळ्याक भायर काढ." मी "हो, रविवारी" म्हणतो. परवा बघितलं तर बल्ब रात्री चालू होता. मी बंद केलेला मला आठवतं.